वीतभर सोडलेले धागे

कात्रीकाकूंच्या गळ्यात दागिना म्हणून काय असायचं, तर काळ्या नाडीत ओवलेली बोटाएवढी कात्री. चाळीस वर्षं ती तिथेच लोंबत होती. पाती झिजून झिजून सुईसारखी बारीक झाली होती, पण काकूंनी तिला धार लावून लावून जगवलं होतं. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. नवा टपालवाला पाकीट हातात धरून चार दारं फिरला आणि शेवटी एक शेजारीण पत्ता वाचून म्हणाली, "अहो, म्हणजे कात्रीकाकू! मग असं लिहा ना पाकिटावर!"

दुकान एका खोलीचं. दोन पायमशिनी, एक कापायचं टेबल, खिळ्यांना टांगलेले अर्धेमुर्धे झगे आणि खिडकीत बटणांचे डबे. कपडा शिवून झाला की काकू तो उलटा करून मांडीवर घेत आणि प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवत. धाग्याचं टोक बोटाला लागलं की कट्. मगच कपडा गिऱ्हाइकाच्या हाती. सुलट बाजू त्या फारशी बघतच नसत. "सुलट बाजू सगळेच नटवतात. कारागीर ओळखायचा तो उलट बाजूने. आणि लोंबता धागा म्हणजे हाताचा आळस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ही खोड दुकानापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण काकू बसमध्ये पुढे बसलेल्या परक्या बाईच्या कॉलरचा धागा कापत. एका लग्नात फोटोग्राफर "हसा" म्हणाला आणि काकू मध्येच जाऊन नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही साफ करून आल्या. त्या फोटोत नवरा-नवरीच्या मधोमध काकूंची पाठ आहे.

गल्लीने हे सगळं कौतुकाने चालवून घेतलं. चालवून घेऊ नये असं एकच काही काकूंपाशी होतं, ती म्हणजे पळपुटीची गोष्ट.

पळपुटी म्हणजे दुकानात शिकायला आलेली एक मुलगी. होती अंगाने किडकिडीत, म्हणून आधी तिला सगळे बारकी म्हणत. दोन वर्षं शिकली. हात चांगला होता, काकूच म्हणायच्या. एकदा लग्नाच्या पोशाखाचं भारी कापड आलं. बारकीने ते दुहेरी घातलं आणि पुढचा खोल गळा कापताना खालचा पदर बाजूला करायला विसरली. एका कात्रीत दोन्ही बाजूंना खोल गळे! पुढून तसाच मागून. दुसऱ्या दिवशी बारकी कामावर आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही, पुन्हा कधीच नाही. काकूंनी पाठीला जाळीचा जोड देऊन वेळ मारून नेली आणि नवरीला तर तो जोडच जास्त आवडला. म्हणजे नुकसान म्हणाल तर काही नाही. पण काकूंना गोष्ट मिळाली. कात्री कशी चालली, बारकीचे डोळे कसे मोठे झाले, हे सगळं त्या टेबलापाशी उभ्या राहून करून दाखवत. गिऱ्हाइकं पोट धरून हसत. आणि शेवटी काकू गंभीर होऊन म्हणत, "कापडातल्या चुकीचं काय हो, तिला जोड देता येतो. पळून जाणं ही माणसातली चूक. तिला जोड नाही." बायका माना डोलावत. अशी बारा वर्षं ही गोष्ट चालली.

काकूंची एकुलती एक लेक मोठ्या कंपनीत नोकरीला. ती कितीदा तरी म्हणाली, "आई, एकदा माझ्याबरोबर बाहेरदेशी चल. जग बघ." काकूंचं उत्तर ठरलेलं, "झगे कोण शिवणार, तुझं जग?" शेवटी एका वर्षी लेकीने न विचारता तिकिटंच काढली. काकू गेल्या. विमानात कात्री जवळ ठेवू देत नाहीत म्हणून ती मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली होती. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर त्यांनी पाणीसुद्धा प्यायच्या आधी बॅग उघडली आणि कात्री गळ्यात घातली.

तिसऱ्या दिवशी लेक त्यांना हातकामाच्या बाजारात घेऊन गेली. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना उघडी दुकानं, दारात टांगलेल्या चटया, टोपल्या, लाकडी मुखवटे आणि खाली फरशीवर बसून माल मांडलेल्या बायका. काकूंना माहेरी आल्यासारखं झालं. पहिल्याच दुकानात त्यांनी टेबलावर घालायचा फुलांचा रुमाल उचलला आणि सवयीप्रमाणे उलटा केला.

"हा दुकानदार हातकाम म्हणतोय ना? यंत्राचं आहे."

"कशावरून?" लेकीने विचारलं.

"हे बघ. दर फुलाचा धागा मागे एकाच ठिकाणी सुटलाय. माणसाचा हात इतका शहाणा नसतो."

लेकीने हे शेजारी उभ्या असलेल्या दोघा प्रवाशांना सांगितलं. झालं. पुढच्या दुकानात ते दोघे मागोमाग आले, त्याच्या पुढच्यात आणखी तिघे. काकू रुमाल उलटे करत होत्या, उशांचे अभ्रे उलटे करत होत्या, एकदा तर त्यांनी बाहुलीचा झगा उलटा केला. हे यंत्राचं, हे अर्धं यंत्राचं, हे डिंकाने चिकटवलेलं. माणसं हसत होती आणि वस्तू परत ठेवून पुढे जात होती. दुकानदारांचे चेहरे उतरत होते.

"आई, जरा हळू," लेक कानात म्हणाली. "त्यांना आपली भाषा कळत नसली तरी तोंड कळतं."

"खोटं विकतात त्यांनी तोंड लपवावं, मी कशाला?" काकू म्हणाल्या. त्या खूश होत्या. परमुलखात, भाषेचा एक शब्द येत नसताना, लोक त्यांच्या मागे चालले होते. कुणाला आवडणार नाही?

गल्लीच्या टोकाला एका लाकडी जिन्याखाली शेवटचं दुकान होतं. दुकान कसलं, एक पेटी, एक चटई आणि दोन बुटकी स्टुलं. काकूंच्याच वयाची एक विणकरीण तिथे मांडीवर छोटा माग घेऊन बसली होती. लेकीला ऑफिसातल्यांसाठी लाकडी खेळणी घ्यायची होती. "तू इथेच बस, अर्ध्या तासात येते," म्हणून ती गेली. मागे आलेले प्रवासीही पांगले.

काकूंनी चटईवरचा एक लोकरी पट्टा उचलला. उलटा केला. बोट फिरवलं. मग दुसरा उचलला. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. काकूंनी तो सुलट केला आणि पुन्हा उलटा करून पाहिला.

विणकरीण त्यांच्याकडे बघत होती. पट्टा कसा उलटा केला, अंगठा कुठून कुठे गेला, हे तिने नीट पाहिलं होतं. तिने काकूंचा डावा हात ओढून घेतला आणि तर्जनीचं टोक पाहिलं. सुया टोचून टोचून ते चाळणीसारखं झालं होतं. विणकरीण खुदकन हसली. तिने स्वतःचा अंगठा पुढे केला. धागा ओढून ओढून त्यात खाच पडली होती, पार नखापर्यंत. काकूही हसल्या. मग दोघी आपापल्या भाषेत बोलत सुटल्या. काकूंनी गुडघे दुखतात ते सांगितलं, विणकरणीने बहुधा डोळ्यांचं सांगितलं. तिने कात्री नखावर लावून पाहिली आणि वा म्हणावं तशी मान हलवली. चाळीस वर्षांत काकूंकडे कारागीर म्हणून कुणी असं बघितलं नव्हतं. त्यांना भरून आलं.

मग विणकरणीने बोट वर करून "थांब" अशी खूण केली. पेटीच्या तळातून एक बोचकं काढलं, सोडलं आणि आतलं कापड काकूंच्या मांडीवर ठेवलं. हे चटईवर मांडलेल्या मालापैकी नव्हतं, विकायचंही नव्हतं. हातभर रुंद, चांगलं पुरुषभर लांब, गर्द निळं. तिने काकूंच्या हातावर थोपटलं, दोन बोटं दाखवली, जिन्याकडे खूण केली आणि वर गेली. दुसरंही दाखवायला आणते, इतकं काकूंना कळलं.

काकूंनी कापड उलटं केलं. तेवढंच करायला नको होतं. सुलट बाजूने पाहिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. उलट बाजूला रंगांचे नुसते ठिपके होते, लाल, पिवळे, पांढरे. आणि एका लांब काठावर वरपासून खालपर्यंत धागे लोंबत होते. वीतवीतभर! शंभराहून जास्त.

अरे देवा, काकूंना वाटलं, बिचारीचं शेवटचं हात फिरवणं राहिलंय. डोळे साथ देत नसतील. घरात कुणी करू लागणारं नसेल. इतकं सुंदर काम आणि काठाला ही लक्तरं! तिने आपल्याला पेटीतला जीव काढून दाखवला, आपण तिला काय देणार? भाषा नाही, काही नाही. जे येतं ते द्यावं.

त्यांनी कात्री हातात घेतली. कट्. कट्. कट्. काठाला अगदी लागून, कापडाला इजा न होता, एकेक टोक त्यांनी साफ केलं. आल्यापासून पहिल्यांदा हातांना काम मिळालं होतं, हात नुसते पळत होते. कापलेले धागे त्यांनी चटईच्या कडेला नीट ढीग करून ठेवले. कापडाची घडी घातली. घडीवरून हात फिरवला आणि शाबासकीची वाट बघत बसल्या.

विणकरीण जिना उतरून आली. हातावर तसंच दुसरं निळं कापड होतं. ती हसत होती. घडी पाहिली, ढीग पाहिला, आणि तरी ते हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच विसरून राहिलं. तिने काकूंच्या मांडीवरचं कापड उचललं आणि चटईवर सुलट पसरलं. शेजारी, काठाला काठ लावून, दुसरं पसरलं.

पक्ष्यांचा थवा होता. दोन्ही काठांवर अर्धे अर्धे पक्षी होते. इकडे डोकं आणि पंखाचा निम्मा भाग, तिकडे शेपूट आणि उरलेला पंख. तिकडच्या पंखात रंगच नव्हता, धागा ओवायला बारीक बारीक मोकळी घरं सोडलेली होती. इकडचे वीतभर धागे सुईने तिकडच्या घरांत भरायचे, म्हणजे पंख पुरा होणार आणि मध्ये शिवण दिसणारच नाही.

कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जोड देऊन देऊन जन्म काढलेल्या बाईला जोडाची जागा कळली नव्हती. आता कळली.

विणकरीण गुडघ्यांवर बसली. ढिगातून तिने एक लाल धागा उचलला आणि त्याचं टोक काठाशी धरून पाहिलं, फुटलेल्या कपाचा तुकडा धरून बघावा तसं. मग तो बाजूला ठेवला. लाल धागे एकीकडे, पिवळे एकीकडे, असं वेचायला लागली. थोडं वेचून झाल्यावर तिने वर पाहिलं. ती रागावली नव्हती. ती वाट बघत होती.

काय अवघड होतं? नुसतं "अगं बाई गं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. हात जोडले असते, कपाळावर हात मारून घेतला असता, शेजारी बसून पांढरे धागे वेचले असते तरी चाललं असतं. काकूंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी कात्री कॉलरच्या आत टाकली, पिशवी उचलली आणि त्या चालायला लागल्या. चालायला लागल्या असं पुढे त्या स्वतःला सांगत. खरं तर त्या पळाल्या. गुडघे दुखत असताना पळाल्या.

खेळण्यांच्या दुकानापाशी लेक भेटली. "का गं, आलीस? काही घेतलं नाहीस तिथे? ती बाई तर खरी कारागीर वाटत होती."

"कसली खरी," काकू म्हणाल्या. "तेही यंत्राचंच."

हे शब्द तोंडातून गेले आणि त्याच क्षणी काकूंना कळलं की धागे कापले ते सवयीने, पण हे आपण जाणूनबुजून केलं.

अजून दोन दिवस हातात होते. लेकीने दोन्ही दिवशी विचारलं, "पुन्हा जायचं का बाजारात?" काकू म्हणाल्या, पाय दुखतात. बाजार हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवर होता. काकू खिडकीत बसून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे बघत राहिल्या.

घरी येऊन बॅग उपसली. कात्रीच्या स्क्रूत एक लाल धागा अडकून आला होता. तो काकूंनी काढून बटणांच्या डब्यात ठेवला, मग दुसऱ्या डब्यात, मग पुन्हा पहिल्यात. कात्री मात्र गळ्यात घातली नाही. खिळ्याला टांगून ठेवली. कपडे आता धागे लोंबत असतानाच गिऱ्हाइकांकडे जाऊ लागले. "काकूंची नजर गेली," लोक म्हणाले. "वय झालं." काकू ऐकून घेत.

एकदा एक जुनी गिऱ्हाईक बाई नणंदेला घेऊन आली. "काकू, हिला ती पळपुटीची गोष्ट सांगा ना. टेबलापाशी उभं राहून करून दाखवता तशी."

काकूंनी मापाची पट्टी गुंडाळली. "कपडा बुधवारी मिळेल," त्या म्हणाल्या.

आणि मग लेकीचा फोन आला. कंपनी तिला पुन्हा तिकडेच पाठवत होती, त्याच शहरात, चार दिवस. "तुला काही आणायचं का आई? बाजार जवळच आहे."

याहून सोपं काय असतं? जिन्याखालची बाई, दोन निळी कापडं, माझी चूक झाली म्हणून सांग. एवढंच. "नको," काकू म्हणाल्या. "काही नको." लेक तिकडे होती ते चारही दिवस काकू फोन उचलायच्या, हातात धरायच्या आणि ठेवून द्यायच्या. आईने परक्या बाईला खोटं पाडलं हे लेकीला कसं सांगायचं? पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला, ती सुखरूप परत पोहोचली होती.

त्या दिवशी काकूंनी दुकान दुपारीच बंद केलं आणि बसस्टँडमागच्या लाँड्रीत गेल्या. बारकी तिथे इस्त्री करते, हे त्यांना कैक वर्षं ठाऊक होतं. त्या बाजूला जायचं त्या टाळत नव्हत्या. टाळायची कधी गरजच वाटली नव्हती.

बारकी आता बारकी राहिली नव्हती. टेबलापाशी उभी राहून शर्टावर पाणी शिंपडत होती. तिने वर पाहिलं, इस्त्री उभी केली. "या काकू," म्हणाली, आणि स्टूल पुढे सरकवलं.

काकूंनी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. पेटी, अंगठ्यातली खाच, पक्षी, जिना, "यंत्राचंच" म्हणाल्या तेसुद्धा. बारकी ऐकत ऐकत इस्त्री करत राहिली. तीन शर्ट झाले.

"आणि मी तुला बारा वर्षं पळपुटी म्हणत आले," काकूंनी शेवटी म्हटलं.

"माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. त्यानंतर कुठल्याच दुकानाने माझ्या हातात कात्री दिली नाही." हे ती तक्रारीने म्हणाली नाही, इस्त्री गरम आहे असं सांगावं तसं म्हणाली. "पण काकू, मी आले होते."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. दहा वाजता. रंगाला रंग जुळणारा तुकडा शोधून आणला होता, पाठीला जोड देता येईल म्हणून. दारापर्यंत आले. आत तुम्ही बायकांना सांगत होतात, कापून दाखवत होतात. सगळ्या हसत होत्या."

काकूंना तो दिवस आठवला. गोष्ट पहिल्यांदा सांगितली तो दिवस. "काही वेळ थांबायचंस गं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"थांबले ना. गोष्ट संपेपर्यंत थांबले."

रस्त्यावरून एक बस गेली, टेबलावरचा पाण्याचा गडू थरथरला. काकूंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"तू दारापर्यंत तरी आलीस," त्या म्हणाल्या. "मला दोन दिवस होते, दहा मिनिटांची वाट होती. मी तेवढीही गेले नाही." मग डोळे पुसून म्हणाल्या, "परत ये दुकानात. कापायचं टेबल तुझं. मी शेजारीसुद्धा उभी राहणार नाही."

बारकीने शर्टाची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, कॉलर सरळ केली. काकूंनी पाहिलं, हात अजून तसाच चांगला होता.

"आता नाही काकू," ती म्हणाली. "तेव्हा एकदा हाक मारली असती ना, तर जिथे असेन तिथून धावत आले असते."

काकूंनी मान हलवली. उठवेना म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. कपड्यांचा ढीग अजून बराच होता. बारकीने पुढचा शर्ट ओढला. त्याच्या बाहीला एक पांढरा धागा लोंबत होता. काकूंचा हात गळ्याकडे गेला, तिथे काही नव्हतं. मग तो हात त्यांनी मांडीवर ठेवला.